भाजीवरची फुकट कोथिंबीर

सोमवार ते शुक्रवार लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा मान लववून ‘सुमिमासेन’, माफ करा, म्हणणारी माणसं रविवारी सकाळी अराकावा नदीकाठच्या मैदानावर एकमेकांच्या नडग्या फोडायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि फोडणाऱ्यांत मीही होते. टोकियोतल्या आमच्या एदोगावा वॉर्डात पुण्या-मुंबईकडचे आयटीवाले आणि बँकवाले इतके आहेत की फुटबॉलचे चार संघ सहज उभे राहतात. सात-सात जणांचे संघ, धुळीचं मैदान, कडेला लावलेल्या सायकली. पंच म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन झालेला कुणीतरी असायचा. त्याला पळवत नसे, त्यामुळे लांबचे फाउल त्याला दिसतही नसत. आठवडाभर गिळलेलं सगळं तिथे बाहेर पडायचं. मॅनेजरचे टोमणे, मीटिंगमध्ये जपानीत न सुचलेली उत्तरं, सगळं. ओठ फाटायचे, ढोपरं सोलवटून निघायची, एकदा एकाचा चष्मा त्याच्याच गालात घुसला. शिव्या मात्र अस्सल मराठीत, कारण त्या जपानीत शिकवायला कुणी तयार नव्हतं.

मी नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले. पुण्यातली माझी नोकरी सुटली आणि इथे सगळ्यांसाठी मी ‘वहिनी’ झाले. गणपतीत मोदक करणाऱ्या वहिनी, वॉर्ड ऑफिसात कुणाबरोबर तरी जाणाऱ्या वहिनी. मला राग फार येतो, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे ठाऊक होतं. जपानात तो ठेवायला जागाच सापडेना. मग एका वर्षी नवऱ्याच्या संघाचा गोलकीपर कॉन्ट्रॅक्ट संपून पुण्याला परत गेला. नवरा म्हणाला, “तू उभी राहा, नुसता हात लावत राहा.” त्याला विसर पडला होता की कॉलेजात मी हँडबॉलची गोलकीपर होते. हँडबॉलच्या गोलमध्ये चेंडू हाताने, पायाने, पोटाने, वेळ आली तर तोंडाने अडवायचा असतो. पहिल्याच सामन्यात एक चेंडू माझ्या तोंडावर बसला. मी रक्त थुंकले आणि उठून उभी राहिले. कित्येक महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आमच्याकडे दरवर्षी संघ मोडून नव्याने बांधतात. माणसं येतात, जातात, कुणाची बदली होते, कुणाचा व्हिसा संपतो, म्हणून ही रीत. चार कॅप्टन पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात. त्याला सगळे ड्राफ्ट म्हणतात. या ड्राफ्टचा एक नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत: दुसऱ्याच्या बायकोला उचलायचं नाही. चारचौघांत, तिच्या नवऱ्यासमोर, ‘ही मी घेतली’ असं म्हणायचं कसं? जिभेला जडच जायचं. म्हणून बायका शेवटी आपसूक नवऱ्याच्या संघात जायच्या. भाजीवर वरून कोथिंबिरीची काडी टाकतात ना, तशा.

आता त्या माणसाबद्दल सांगायला हवं. त्याला सगळे रोडरोलर म्हणत. बोलायला इतका मऊ की तो फोनवर असला तर कुणाशी तरी लग्नाचं बोलतोय असं वाटायचं. घरी आला की दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ लावून ठेवायचा, जेवण झालं की स्वतःचं ताट घासायला उठायचा. मैदानावर मात्र तो वाटेत येईल त्याला तुडवत जायचा. आदल्या वर्षी त्याने नवऱ्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. तो आवाज मी माझ्या गोलमध्ये ऐकला, वाळलेली फांदी मोडावी तसा. मग हाच माणूस रोज संध्याकाळी आमच्याकडे खिचडीचा डबा घेऊन यायचा आणि नवऱ्याला चमच्याने भरवायचा. गोलही सगळ्यांत जास्त तोच मारायचा. त्याच्याइतका भारी खेळाडू आमच्यात दुसरा नव्हता.

त्या वर्षी कॅप्टनांच्या पाळीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, त्यात पहिला नंबर नवऱ्याचा निघाला. ड्राफ्टच्या सकाळी तो पोहे खात होता.

“पहिला कोण?” मी विचारलं.

“रोडरोलर. यात विचारायचं काय?”

“आपल्याला गोलकीपर लागतो.”

“अगं, गरज बघून पहिला नंबर घालवायचा नसतो. उरलेल्यांत जो सगळ्यात भारी, तो आधी उचलायचा. गरजा नंतर भागवता येतात. शिवाय तो आपल्यात असला म्हणजे मला तरी मोडणार नाही.”

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, हे मी कबूल करते. पण आमच्यात गोलमध्ये उभी राहू शकणारी धड माणसं फार थोडी होती. फॉरवर्ड म्हणवणारे मात्र पायलीचे पन्नास.

“आणि गोलमध्ये कोण?”

“तू आहेसच की.”

“मला घे आधी. पहिल्या नंबरावर. दुसऱ्या कुणी नेलं मला, तर काय करशील?”

तो हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हेच वाईट होतं. “तुला कोण नेणार आहे?” असं म्हणून त्याने पोह्यांवर आणखी लिंबू पिळलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलले असते तर ती बशी त्याच्या डोक्यावर गेली असती.

ड्राफ्ट वॉर्डाच्या भाड्याच्या सभागृहात होता. बूट काढून तातामीच्या चटयांवर बसायचं, निघताना झाडून घ्यायचं, कचरा आपापल्या घरी न्यायचा. भिंतीजवळच्या टेबलावर मी उपमा वाढत होते. नवऱ्याने रोडरोलरचं नाव घेतलं. टाळ्या वाजल्या. रोडरोलरने लाजून मान खाली घातली.

दुसऱ्या नंबराचे कॅप्टन एक जपानी गृहस्थ होते. नवऱ्याच्या ऑफिसातले, पन्नाशीचे, कंपनीच्या संघात वर्षानुवर्षं खेळलेले. नवऱ्यानेच त्यांना आमच्यात आणलं होतं. सगळे नियम त्यांना समजावून सांगितले होते, तेवढा तो न लिहिलेला सोडून, कारण तो सांगायचा असतो हेच कुणाला सुचलं नव्हतं.

ते उठले, माझ्या दिशेला वळले आणि म्हणाले, “कीपा-सान.” म्हणजे, कीपरबाई. मग झुकून, “योरोशिकु ओनेगाइशिमासु,” आमच्याकडून खेळा अशी विनंती.

उपम्याचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. सभागृहात कुणाच्या तरी घशात काजू अडकला असावा, तेवढा एक ठसका ऐकू आला. मग एकजण पुढे होऊन घाईघाईने म्हणाला, “नो नो, सान, शी इज हिज वाइफ.”

“हाय,” ते म्हणाले. म्हणजे, माहीत आहे. मग त्यांनी शांतपणे विचारलं, “रूल देसु का?”

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. नियम आहे म्हणावं तर तो काय आहे हे मोठ्याने सांगावं लागणार, आणि माझ्यासमोर ते सांगायची कुणाची छाती होईना. नवऱ्याचे कान लाल झाले होते. शेवटी कुणीतरी म्हणालं, “वहिनी, आता तुम्हीच सांगा बुवा.”

मी चमचा उपम्यात रोवला. “वाढून घ्या आपापलं,” म्हटलं, आणि जाऊन त्या गृहस्थांच्या शेजारी मांडी घालून बसले.  आनंद म्हणा, राग म्हणा, मला त्या वेळी दोन्ही एकच वाटत होतं.

आमच्या गल्लीत मोठ्याने भांडता येत नाही. म्हणून येताना सायकलींवरून आम्ही दात आवळून भांडलो.

“मी सोमवारी ऑफिसात बोलतो त्यांच्याशी. समजूतदार आहेत. तुझ्या बदल्यात दुसरा कुणी देऊ.”

“बोललास तर बघ.”

“अगं, आपण एका घरातली माणसं...”

“घरात मी आहेच. तिथे कुठे मला कुणी पळवतंय?”

घरी आल्यावर त्याने परत ‘पण तुला तरी नाही म्हणता...’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी कुकरचं झाकण भिंतीवर मारलं. भिंतीचा टवका उडाला. तो टवका अजून तिथे आहे, आम्ही त्यावर कॅलेंडर लावलंय.

त्या ड्राफ्टमध्ये नवऱ्याची पाळी पुन्हा आली होती तोवर बाकीचे गोलकीपरही संपले होते. शेवटी तो स्वतःच गोलमध्ये उभा राहिला. रोडरोलर पुढे गोल मारायचा आणि नवरा मागे गोल खायचा. दर रविवारी तो काळानिळा होऊन घरी यायचा. मी त्याच्या पाठीला बाम चोळायचे, लागेल त्यापेक्षा जरा जोरात.

माझं मात्र बरं चाललं होतं. आमचे कॅप्टन मला सामन्याआधी थोडं शिकवायचे. त्यांचं इंग्रजी तोडकं, माझं जपानी तोडकं, पण धडा एकच होता: चेंडूवर जा, गुडघा पुढे ठेवून जा, माणूस आपोआप बाजूला होतो. बँकेतल्या एका फॉरवर्डच्या बरगड्यांत माझा गुडघा असा बसला की पुढे बरेच दिवस त्याला हसता येत नव्हतं. त्याच्या बायकोने मला स्टेशनवर ओळख दाखवली नाही. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू? धावत आलेला माणूस माझ्यावर आपटायचा आणि तोच खाली पडायचा, याच्याइतकं सुख मला या देशात दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं. आणि कॅप्टन मैदानाच्या मधून ओरडायचे, “कीपा-सान! नाइस!”

शेवटचा सामना नवऱ्याच्या संघाशी पडला. सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता त्याने विचारलं, “रोडरोलरला सांगू का? जरा जपून म्हणून?”

“सांगितलंस तर आज इथे परत येऊ नकोस.”

त्याने मान खाली घालून गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मला दिसत होतं की तो घाबरलाय. पण मला तेव्हा त्याची काळजी नको होती. मला तो समोरच्या गोलमध्ये उभा हवा होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मला जिंकायचं होतं. त्याने कुणाला सोडलं, ते त्याला दिसायला हवं होतं.

वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जात होती. रोडरोलर पहिल्यांदा आला तो खांदा घेऊनच. माझ्या छातीत तो धोंड्यासारखा बसला आणि मी पाठीवर आपटले, पण चेंडू सोडला नाही. त्याने मला हात देऊन उठवलं. “सॉरी हां, वहिनी.” दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मी गुडघा त्याच्या मांडीत घातला. तो कळवळून बसला. मी म्हटलं, “सॉरी हां, भावोजी.” मग त्यानेही माझी गय करणं सोडलं आणि मीही त्याची. त्याच्या बुटाचे खिळे माझ्या पोटरीवर ओळीने उमटले. माझ्या कोपराने त्याची भुवई फुटली. दोन्ही संघांचे बाकीचे लोक खेळायचे थांबून मधूनमधून आमच्याकडेच बघत होते.

एकदा त्याने अगदी जवळून चेंडू हाणला. मी हात घातला आणि उजव्या करंगळीचा कट्कन आवाज झाला. हातमोजा काढून पाहिलं तर करंगळी भलत्याच दिशेला बघत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली. मी ती दातांनी ओढलेल्या पट्टीने शेजारच्या बोटाला बांधली आणि हातमोजा परत चढवला. कॅप्टन लांबून बघत होते. त्यांनी ‘बाहेर जा’ म्हटलं नाही. मी त्याबद्दल त्यांची आजही आभारी आहे.

सामना संपत आला तरी गोल झाला नव्हता. त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, मी उडी मारली, रोडरोलरनेही मारली. मी डाव्या मुठीने चेंडू हाणला, तो लांब गेला, पण मूठ तिथे थांबली नाही. ती त्याच्या तोंडावर गेली. त्याचं कपाळ माझ्या गालाच्या हाडावर आदळलं. दोघं खाली कोसळलो, त्याचा गुडघा माझ्या बरगड्यांवर, सगळ्या वजनासकट. श्वास आत जाईना. तोंडात माती आणि रक्त. पंचाची शिट्टी ऐकू आली नाही, त्याच्या ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने त्याला एवढ्या लांब आणलंच नव्हतं.

एक डोळा उघडला तर समोरून नवरा पळत येताना दिसला. मला वाटलं चेंडूमागे येतोय. चेंडू मैदानाच्या मध्यावर आमच्या कॅप्टनच्या पायाशी होता. नवरा चेंडूच्या बाजूने पळत पुढे आला, त्याच्याकडे बघितलंही नाही. कॅप्टननी जाणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या गोलकडे पाहिलं. क्षणभर थांबले. मग पायाच्या आतल्या बाजूने त्यांनी चेंडू ढकलला. तो हळूहळू, अगदी फिरायला निघाल्यासारखा, गोलमध्ये गेला.

नवरा माझ्याशेजारी गुडघे टेकून बसला. “डोळा उघड. दोन्ही उघड. दिसतंय का?”

“गोलमध्ये कोण आहे?” मला श्वास घेत घेत विचारावं लागलं.

तो मागे वळून बघू लागला, घरचा गॅस चालू राहिला का आठवावं तसा.

“तू गोल सोडून आलास?” मी उरल्यासुरल्या ताकदीने त्याच्या छातीत ठोसा मारला, त्या जुळलेल्या हाडाच्या जरा खाली. “असा सोडून आलास? मला तू तिथे उभा हवा होतास!”

तो मागे बसला, खोकला, आणि त्याचे डोळे भरून आले. “मला वाटलं, गेलीस तू,” तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. आम्ही जिंकलो होतो आणि मला रडू येत होतं, जिंकल्याचं नाही, फुकट जिंकल्याचं. तरी त्याचा हात मी सोडला नाही. रोडरोलर रुमालात स्वतःचा दात धरून उभा होता. बोबड्या आवाजात म्हणाला, “वहिनी, मी बर्फ आणतो,” आणि तसाच रक्ताळलेला समोरच्या कोंबिनीत, चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, गेला. तिथल्या मुलीने त्याला बघून पोलिसांना फोन लावला होता, तो बंद करायला आमच्या कॅप्टनना जावं लागलं.

करंगळी जुळली, पण वाकडी. डॉक्टर म्हणाले, इतकंच होईल.

पुढच्या ड्राफ्टला उपमा मी केला नव्हता. पहिल्या नंबराच्या कॅप्टनने रोडरोलरला उचललं. दुसरा नंबर पुन्हा आमच्या जपानी कॅप्टनचा. ते उठले, कोपऱ्यातला चेंडू हातात घेतला आणि काही न बोलता सभागृहाच्या त्या टोकावरून माझ्याकडे जोरात फेकला. मी झेलला. पण कळ करंगळीतून खांद्यापर्यंत गेली आणि तोंडातून आवाज निघाला. तो सगळ्यांनी ऐकला. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं, गेल्या वर्षीपेक्षा खाली झुकले, आणि दुसऱ्या गोलकीपरचं नाव घेतलं. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तरी ते बोट मोडलं तेव्हा जेवढं दुखलं नव्हतं तेवढं तेव्हा दुखलं.

तिसरा नंबर नवऱ्याचा. सगळे माझ्याकडे बघत होते, की आता हा बायकोला घेणार. मी त्याच्याकडे असं बघितलं की दया म्हणून माझं नाव काढलंस तर इथेच, या तातामीवर, तुला आडवा करीन. त्याला ते बरोबर कळलं. त्याने पुण्याहून नव्याने आलेल्या एका चपळ फॉरवर्डला घेतलं. ‘शहाणा झाला,’ मी मनात म्हटलं. आणि लगेच वाटलं, म्हणजे मी परत कोथिंबीर.

पाळी फिरून त्याच्याकडे आली. अजून चांगले खेळाडू उरले होते, दोघं तर गोल मारणारे. त्याने माझं नाव घेतलं. ‘ही’ नाही, ‘आमची मंडळी’ नाही. नाव, आडनावासकट, बाकीच्यांचं घेतात तसं. “लेफ्ट बॅक,” तो म्हणाला, म्हणजे गोलच्या पुढे, डाव्या बाजूच्या बचावाला.

सभागृहात हशा पिकला. “अरे, नंबर कशाला घालवतोस?” कुणीतरी म्हणालं. “वहिनी शेवटी येतीलच की तुझ्याकडे.”

“थांबलो तर नेतील,” नवरा म्हणाला. तो हसत नव्हता. “हातात चेंडू राहत नसेल आता. पण लाथा हिच्यासारख्या इथे कुणी मारत नाही.”

मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. समोर रोडरोलर मांडी घालून बसला होता, नव्या दातासकट. तो हसला नव्हता. त्याने आपले पाय जरा आत ओढून घेतले.